चुंबकसुईची रोजनिशी

मुलांनो, शाळेच्या प्रयोगशाळेतील होकायंत्र टेबलावर ठेवा आणि सुईची थरथर थांबू द्या. शाळा धुळ्याची असो, जळगावची असो, की अमळनेर-चोपड्याची असो, सुईचे रंगवलेले टोक सातपुड्याच्या दिशेला वळून थांबेल. ‘सुई उत्तर दाखवते,’ असे आपण म्हणतो आणि होकायंत्र पुन्हा कपाटात ठेवून देतो. नित्याच्या व्यवहाराला एवढे ज्ञान पुरेसे असते. परंतु ती थांबलेली सुई खरोखरच थांबलेली असते काय?

पुरेशा बारकाईने पाहिले, तर उत्तर ‘नाही’ असेच मिळते. सकाळी ती जेथे असते, तेथे दुपारी नसते. आज ती जो कोन दाखवते, तो तुमच्या आजोबांच्या लहानपणी वेगळा होता. आणि क्वचित एखाद्या दिवशी, आकाश निरभ्र असताना व वारा पडलेला असताना, ती तासन्‌तास अस्वस्थ राहते. हे सारे बदल इतके सूक्ष्म असतात की, साध्या डोळ्यांना ते उमगत नाहीत. ते कोणी मोजले, कसे मोजले आणि त्या मोजण्यातून काय हाती आले, याची हकीकत या पाठात सांगावयाची आहे.

पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे, असे इंग्लंडमधील विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली आपल्या ग्रंथात मांडले. तिच्या चुंबकत्वाचे कारण आज आपणांस बरेचसे ठाऊक आहे. आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा विस्तीर्ण थर आहे. डेऱ्यातील ताक घुसळावे, तसा हा रस सतत घुसळला जात असतो. मात्र त्याची गती फार संथ असते. या घुसळणीमुळे त्यात विद्युत्प्रवाह वाहतात आणि त्या प्रवाहांपासून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते.

हे क्षेत्र मोजावयाचे म्हणजे तीन गोष्टी मोजावयाच्या. पहिली गोष्ट ही की, सुई खऱ्या उत्तरेपासून किती बाजूला झुकली आहे. या कोनास दिक्पात म्हणतात. आपल्या खानदेशात तो फार लहान, एका अंशाहूनही कमी आहे. दुसरी गोष्ट ही की, सुईला वर-खाली फिरण्याची मोकळीक दिली, तर तिचे उत्तर टोक जमिनीकडे किती कलते. या कोनास नती म्हणतात. धुळ्याजवळ ती सुमारे तीस अंश भरते. तिसरी गोष्ट म्हणजे क्षेत्राची तीव्रता. ती नॅनोटेस्ला या अतिशय लहान एककात मोजतात. आपल्याकडे ती चव्वेचाळीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपास आहे. आकडा मोठा दिसला, तरी हे बळ फार थोडे आहे. कपाटाच्या दारात बसवलेला लहानसा चुंबकही त्याच्या जवळ याहून पुष्कळ पटींनी बलवान असतो.

एवढ्या क्षीण क्षेत्रातील चढउतार ओळखावयाचे, तर एकदा मोजून भागत नाही. तापीला पूर आला, हे कळण्यासाठी तिची नेहमीची पातळी आधी ठाऊक असावी लागते. ती पातळी ठाऊक होण्यासाठी कोणीतरी रोज घाटावर जाऊन ती पाहिलेली व लिहून ठेवलेली असावी लागते. चुंबकसुईच्या बाबतीत असे रोज पाहून लिहिण्याचे काम महाराष्ट्रात १८४१ सालापासून चालू आहे. ते प्रथम मुंबईतील कुलाबा येथे चाले व पुढे अलिबाग येथे चालू राहिले.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी, हा तिचा एक हेतू होता. पुढे युरोपातील शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला की, पृथ्वीचे चुंबकत्व समजून घ्यावयाचे असेल, तर जगभर अनेक ठिकाणी एकाच पद्धतीने नोंदी व्हावयास हव्यात. या योजनेत कंपनीने मुंबई, मद्रास, शिमला आणि सिंगापूर ही ठिकाणे निवडली. बाकीच्या ठिकाणचे काम कालांतराने थांबले. मुंबईचे मात्र थांबले नाही.

या कामाच्या प्रारंभीच्या काळाशी दोन थोर मराठी माणसांचा संबंध आहे. ‘दर्पण’ या वृत्तपत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ कुलाबा वेधशाळेची व्यवस्था पाहिली. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे हे तरुण वयातच या वेधशाळेत काम करू लागले. पुढे ते मोठे गणिती व ज्योतिर्विद म्हणून प्रसिद्धीस आले.

नोंद घेण्याची रीत साधी, परंतु मोठी चिकाटीची होती. एका बंद खोलीत चुंबकाची कांडी बारीक धाग्याने टांगलेली असे. तिला एक लहान आरसा जोडलेला असे. काही अंतरावर दुर्बीण व आखलेली मोजपट्टी असे. चुंबक केसभर जरी वळला, तरी आरशातील प्रतिबिंब मोजपट्टीवर बरेच सरके. कवडसा खेळताना आरसा किंचित हलवला की, समोरच्या भिंतीवरचा प्रकाश हातभर धावतो, हे तुम्ही पाहिले असेल. येथेही तेच तत्त्व होते. निरीक्षक दुर्बिणीतून आकडा वाचत आणि वहीत लिहीत. तास झाला की पुन्हा वाचत, पुन्हा लिहीत. पुढे छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी उपकरणे आली, पण पहिली काही दशके हे काम मनुष्याच्या डोळ्यांवर आणि बोटांवर चालले.

अशा नोंदी साठल्यावर त्यांतून एक नियम दिसू लागला. सूर्य वर चढू लागला की, क्षेत्राचा आडवा भाग वाढतो. मध्यान्हीच्या सुमारास तो सर्वांत अधिक असतो. आणि संध्याकाळी पूर्ववत होतो. हा चढउतार सामान्यतः चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांचा असतो. सूर्याच्या किरणांमुळे आपल्या डोक्यावर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर हवेचे कण विद्युत्‌भारित होतात. तेथील वारे त्या कणांना वाहून नेतात, म्हणजेच आकाशात विजेचे प्रवाह वाहू लागतात. त्यांचाच हा परिणाम. खोलीच्या अंधारात टांगलेल्या चुंबकाला बाहेर सूर्य उगवल्याचे अशा रीतीने कळते.

आता १८५९ सालच्या सप्टेंबर महिन्याकडे वळू. १ सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र काढत होते. एकाएकी त्या डागांजवळ त्यांना डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश दिसला. काही मिनिटांत तो मावळला. त्यानंतर अठरा तासही लोटले नव्हते, तोच पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. एरवी ध्रुवांजवळ दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातही दिसला. अनेक वेधशाळांतील उपकरणांच्या मोजपट्ट्या अपुऱ्या पडल्या व सुईचे टोक मोजपट्टीबाहेर गेले.

त्या दिवशी मुंबईत काय घडले? २ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्याच्या निरीक्षकांना दुर्बिणीतील आकडे झपाट्याने घसरताना दिसले. यंत्र बिघडले असावे, असा समज करून घेऊन ते उठून जाऊ शकले असते. परंतु ते आपल्या जागी बसून राहिले. एरवी ते तासातासाने नोंद घेत. सुईची खळबळ वाढताच त्यांनी काही मिनिटांच्या अंतराने आकडे लिहिण्यास आरंभ केला. आडव्या क्षेत्राची तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आली होती. रोजच्या चढउताराच्या तीसपटींहून ही घट अधिक होती. निरीक्षकांनी दिसले ते लिहिले, वही मिटली आणि ती इतर वह्यांबरोबर ठेवून दिली. हे आकडे कोणाच्या उपयोगी पडतील, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

त्या वहीचा उपयोग झाला तो १४४ वर्षांनी. २००३ साली अमेरिका, ब्राझील आणि भारत या देशांतील शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा नव्याने अभ्यास केला. त्यात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना व अ‍ॅलेक्स हे शास्त्रज्ञ होते. विषुववृत्ताकडील प्रदेशातून त्या वादळाची इतकी सलग नोंद कुलाब्याच्या वहीतच त्यांना मिळाली. एवढी मोठी घट कोणकोणत्या कारणांनी झाली, याविषयी शास्त्रज्ञांत आजही विचारविनिमय चालू आहे. पण तो ज्या आकड्यांवर चालतो, ते आकडे त्या दिवशीच्या दक्ष निरीक्षकांचे आहेत.

अशी वादळे केवळ कुतूहलाचा विषय नव्हेत. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळामुळे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीज सुमारे नऊ तास बंद पडली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. १० व ११ मे २०२४ च्या वादळात आपल्या लडाखमधील हानले येथे आकाश तांबूस झालेले दिसले. आज वीज, उपग्रह आणि संदेशवहन यांवर आपले जीवन अवलंबून आहे. म्हणून सर्वांत मोठे वादळ किती मोठे असू शकते, हे ठाऊक असणे अगत्याचे झाले आहे. आणि त्यासाठी जुन्या नोंदींकडेच जावे लागते.

परंतु ही नोंदवही एकदा मोठ्या संकटात सापडली होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. नगराच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. वेधशाळेच्या दृष्टीने मात्र हा घाला होता. कारण ट्रामचा विद्युत्प्रवाह रुळांतून व जमिनीतून परत जाताना स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. सरकी काढण्याच्या गिरणीत उभे राहून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकावेत, तसे ते झाले असते. ट्राम थांबवता येणार नव्हत्या आणि नोंदी थांबवणे हिताचे नव्हते.

त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. १८९६ साली या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या काळात मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्रकाठी, अलिबागची जागा निवडण्यात आली. १९०४ साली तेथे नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या खोल्यांना लोखंडाचा स्पर्श होऊ दिलेला नाही. खिळे, बिजागऱ्या, कड्या यांसाठी तांबे-पितळ वापरले आणि भिंतींसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड आणला.

नवी वेधशाळा उभी राहताच जुनी बंद करावी, असे मूस यांनी केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. असे का केले असावे? कापसाच्या वखारीत जुना तराजू काढून नवा आणला, तर शहाणा मुनीम काय करतो? तोच गठ्ठा दोन्ही तराजूंवर तोलून पाहतो आणि दोहोंतील फरक लिहून ठेवतो. मग जुन्या व नव्या हिशेबांची सांगड बसते. त्याच रीतीने मूस यांनी दोन ठिकाणांतील फरक काढला आणि कुलाब्याच्या मालिकेला अलिबागची मालिका न तुटता जोडली. १९०६ साली कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. पुढे १९१० साली मूस यांनी १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या साठ वर्षांच्या नोंदींचे गणित व विवेचन दोन खंडांत प्रसिद्ध केले. १९७१ साली या कामासाठी भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था झाली. अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेत आहे.

मुलांनो, अलिबागच्या आसपास काळा दगड मुबलक असताना भिंतींसाठी दूरच्या पोरबंदरचा दगड का आणावा लागला, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्याकडील काळ्या दगडात लोहयुक्त खनिजाचे बारीक कण असतात आणि ते स्वतःच चुंबकासारखे वागतात. म्हणून वेधशाळेने तो दगड नाकारला. परंतु जो गुण तेथे दोष ठरला, तोच गुण खानदेशाच्या भूमीला एक प्राचीन वेधशाळा बनवतो.

धुळ्याजवळचा लळिंगचा डोंगर घ्या, की साक्री-नंदुरबारकडे जाताना माळावर दिसणाऱ्या खडकाच्या लांबच लांब भिंती घ्या. हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे रूप आहे. जो रस भूमीवर पसरला, त्याचे थर झाले. जो भेगांमध्येच थिजला, त्याच्या भिंती झाल्या. धुळे-नंदुरबारच्या परिसरात अशा दोनशेहून अधिक भिंती भूवैज्ञानिकांनी नकाशावर मांडल्या आहेत. लाव्हारस थंड होताना, सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली, त्यातील मॅग्नेटाइट या खनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात आणि ती दिशा खडकात कायम राहते. म्हणजे प्रत्येक थर ही एक न पुसणारी नोंद होय.

ही नोंद वाचण्याचे काम १९५० नंतर सुरू झाले. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकांवरील आपले निष्कर्ष १९५६ साली प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही असे संशोधन झाले. खडकांतील नतीचा कोन मोजल्यावर असे दिसले की, हा लाव्हारस वाहिला त्या वेळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. शिवाय अनेक थरांतील दिशा आजच्या उलट आढळली. त्या काळी येथे होकायंत्र असते, तर त्याचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव असे अनेकदा उलटले आहेत. अखेरची उलथापालथ सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली.

खानदेशाच्या परिसरात चुंबकमापकांचा आणखी एक उपयोग करण्यात आला आहे. वर आकाशात चुंबकीय क्षेत्र बदलले की, खाली जमिनीतही क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. ज्या खडकांतून वीज सहज वाहते, तेथे ते अधिक असतात. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणी चुंबकमापके मांडली आणि एकाच वेळच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहिल्या. त्यावरून सातपुड्याच्या खाली खोलवर, वीज अधिक सहज वाहू देणारे खडक असल्याचे त्यांना आढळले. जेथे पहार पोहोचत नाही, तेथे सुईच्या सूक्ष्म हालचालींचा हिशेब असा पोहोचतो.

आता तुम्हीही एक लहानसा प्रयोग करू शकता. होकायंत्र एका जागी ठेवा. किल्ली, लोखंडी डबा व काळ्या दगडाचा मोठासा तुकडा या वस्तू एकामागून एक सुईजवळ आणा. सुई किती हलली, ते वहीत दिनांक घालून लिहा. दगडाने सुई हलली नाही, तर ‘हलली नाही’ असेच लिहा. जे अपेक्षित होते ते न लिहिता जे दिसले तेच लिहिणे, हाच निरीक्षकाचा धर्म होय. १८५९ सालच्या त्या सकाळी कुलाब्यात बसलेल्यांनी तो पाळला. त्यांतील बहुतेकांची नावे आपल्या ओठांवर नाहीत. परंतु त्यांनी लिहिलेला प्रत्येक आकडा आजही विश्वासाने वाचला जातो.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) दिक्पात व नती यांत कोणता फरक आहे?
(आ) कुलाब्याच्या वेधशाळेत तासातासाने नोंद कशी घेतली जाई?
(इ) विजेच्या ट्राममुळे वेधशाळेपुढे कोणती अडचण उभी राहिली?

२. कारणे द्या.
(अ) अलिबागच्या वेधशाळेसाठी काळा दगड वापरला नाही.
(आ) दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या.

३. ‘जो गुण तेथे दोष ठरला, तोच गुण खानदेशाच्या भूमीला एक प्राचीन वेधशाळा बनवतो.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : चिकाटी, सांगड बसणे, अगत्याचे, दक्ष.

५. तुमच्या गावातील नदीची, विहिरीची किंवा पावसाची पातळी महिनाभर रोज ठरलेल्या वेळी पाहा, तिची नोंद ठेवा आणि त्या नोंदींवरून काय आढळले ते वर्गात सांगा.